होयबा, दीडशहाणा आणि उतावळा

सोमवार, ३ सप्टेंबर

पाय प्लास्टरमध्ये. बाकी सर्व उत्तम.

पडलो कसा ते एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे हा विषय संपला. कारखान्याच्या धक्क्यावर ट्रक मागे लावायचा होता. ड्रायव्हर नवखा. मी धक्क्यावर उभा राहून त्याला सांगत होतो, "ये, ये, मागे ये, अजून मागे." तो आला नाही. मीच मागे गेलो. नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले. ही म्हणाली, "सहा आठवडे हे घरात! मी शाळेत जादा तास मागून घेते." ही शाळेत गणित शिकवते आणि घरी विनोद करते.

कारखान्याची काळजी नाही. पुठ्ठ्याची खोकी बनवायला काही शास्त्रज्ञ लागत नाहीत. कागद बरोबर हवा, गोंद बरोबर हवा आणि माणसांवर लक्ष हवं. मिस्त्री आहे, तो माझ्याबरोबर अगदी पहिल्या मशीनपासून आहे. शिवाय ठकी रजा काढून आली आहे. ठकी म्हणजे आमची लेक. तिचं खरं नाव चारचौघांत घेण्यासारखं आहे, पण घरात ती ठकीच. परगावी मोठ्या कंपनीत नोकरी करते. म्हणाली, "बाबा, मी बघते कारखाना." मी म्हटलं, "बघ. करायचं काय ते मी फोनवर सांगत जाईन."

आणि आता खरी बातमी. सहा आठवडे मिळाले आहेत! इतकी वर्षं रविवारी दुपारी बसून मी शिशाचे सैनिक रंगवत आलो. नेपोलियनच्या काळातले: उंच टोप्या, छातीवर फुलीसारखे पट्टे, गुडघ्यापर्यंत बूट, करंगळीच्या पेराहून थोडे मोठे. दोन संपूर्ण सैन्यं कपाटात उभी आहेत आणि अजून एकदाही धड लढलेली नाहीत. वेळच नव्हता. आता मी नुसती लढाई खेळणार नाही, तिच्या आधीची पूर्ण मोहीम खेळणार. नकाशा, कूच, रसद, हेर, सगळं. समोर खेळायला कोणी नाही, तर दोन्ही बाजू मीच.

टेबल मोठं लागतं, म्हणून ठकीच्या जुन्या खोलीत मांडलं. ती बैठकीत झोपते. तीच म्हणाली, चालेल म्हणून.

बुधवार, ५ सप्टेंबर

नकाशा तयार. मिस्त्रीकडून पांढऱ्या पुठ्ठ्याचा मोठा तुकडा मागवला आणि त्यावर देश काढला. देश माझ्या मनातला. खऱ्या लढायांचे निकाल आधीच ठाऊक असतात, मग मजा काय?

तर असं: डावीकडे निळ्यांची राजधानी. मधून वरून खाली नदी. वरच्या बाजूला दगडी पूल. खाली एक उतार, म्हणजे पाणी कमी असलं तर पायी ओलांडता येईल अशी जागा. दोन्हींच्या मधे, नदीच्या आमच्या बाजूला एक गाव आणि गावामागे टेकडी. उजवीकडून पांढरे येणार. त्यांना राजधानी घ्यायची आहे, मला ती राखायची आहे. मी निळा. हे न सांगताही समजावं.

एकट्याने खेळताना मुख्य अडचण अशी की शत्रूच्या मनात काय आहे ते आपल्यालाच माहीत असतं. त्यावर उपाय केला. पांढऱ्यांच्या तीन चकत्या नकाशावर पालथ्या ठेवल्या. एकीखाली त्यांचं सगळं सैन्य लिहिलेलं, दोन कोऱ्या. डोळे मिटून कालवल्या. आता कुठली खरी हे मलाही ठाऊक नाही. माझे घोडेस्वार जवळ जाऊन बघतील तेव्हाच चकती उलटायची, आणि तेही फासा परवानगी देईल तर. पांढऱ्यांच्या सेनापतीचं नाव मी आजोबा ठेवलं आहे. त्याला पांढऱ्या मिशा रंगवल्या आहेत, अगदी हसऱ्या.

माझी तीन दलं. प्रत्येकाच्या सेनापतीचा स्वभाव फाशावर ठरवला. पहिल्याला पडलं आज्ञाधारक: सांगितलेलं तंतोतंत करतो, न सांगितलेलं मरेपर्यंत करत नाही. त्याचं नाव होयबा. फार आवडला. दुसऱ्याला पडलं स्वतःच्या डोक्याने चालणारा. झालं! त्याचं नाव दीडशहाणा. तिसरा घोडदळाचा, उतावळा. त्याचं वेगळं नाव ठेवायची गरजच पडली नाही.

आणखी एक नियम: माझा हुकूम लगेच पोचत नाही. दूत घोड्यावरून जातो. दल लांब असेल तर किती दिवस लागतील ते फासा सांगणार. कधी दूत वाट चुकेल, कधी पकडला जाईल.

ठकी दारातून बघत होती. म्हणाली, "दीडशहाण्याला काढून का टाकत नाही?"

"नियमात बसत नाही."

"बिचारा," ती म्हणाली आणि कारखान्यात गेली.

शनिवार, ८ सप्टेंबर

होयबाला पुलाकडे पाठवलं. दीडशहाण्याला गावात. उतावळा नदीपलीकडे हेरगिरीला. मोहिमेची सुरुवात देखणी झाली, असं म्हणायला हरकत नाही.

मिस्त्रीला फोन केला. ठकीच्या मनात छपाईचं मशीन खिडकीपासून हलवून आतल्या भिंतीला लावायचं आहे. काल जेवताना बोलली. मी मिस्त्रीला स्पष्ट सांगितलं, मशीन आहे तिथेच राहील, पुष्कळ विचार करून मी ते तिथे लावलं आहे. तो म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं, साहेब." मागे कोणीतरी ओरडत होतं: "डावीकडे घ्या! अजून थोडं! पायावर नको!"

"काय चाललंय रे?"

"रेडिओ, साहेब."

कामाच्या वेळेत रेडिओ लावायचा नाही हे त्याला पुन्हा एकदा बजावलं. माणूस मात्र सोन्यासारखा. एका शब्दाने उलट बोलत नाही. अशी माणसं आता मिळत नाहीत.

बुधवार, १२ सप्टेंबर

चाकाच्या खुर्चीवर बसून मी टेबलाभोवती फिरतो. ऑफिसातली जुनी खुर्ची आहे, ठकीनेच पाठवली. एक पाय स्टुलावर, दुसऱ्याने ढकलत जातो. वळणावर करकरते. पण सरसेनापतीला सगळीकडून रणभूमी दिसली पाहिजे.

पांढऱ्यांच्या चकत्या पुढे सरकल्या. एक पुलासमोर, एक मधे गावासमोर, एक खाली उताराकडे. माझा अंदाज पक्का आहे: खरी पुलावरची. आजोबाकडे तोफा आहेत, रसदीच्या गाड्या आहेत. गाड्या काय पाण्यातून ढकलणार? शहाणा माणूस पुलावरूनच येईल. म्हणजे तिथे होयबा उभा आहेच.

दीडशहाण्याने गावात पोचल्यावर स्वतःहून एक पलटण टेकडीवर पाठवली. सांगितलं कोणी? फाशाने. पण त्याच्या मनात तसं असल्याशिवाय फासा तसा पडत नाही, असं मला हल्ली वाटायला लागलंय.

ही शाळेतून उशिरा आली. हाताच्या बोटांना निळी शाई, कोपरापर्यंत पुठ्ठ्याचा भुसा. मी विचारलं तर म्हणाली, "मुलांचं हस्तकलेचं प्रदर्शन आहे." गणिताच्या बाईंना हस्तकलेला जुंपतात म्हणजे शाळांचं कठीणच आहे. पण स्वारी खुशीत होती. भांडी घासताना गुणगुणत होती, जे मी पुष्कळ दिवसांत ऐकलं नव्हतं.

शुक्रवार, १४ सप्टेंबर

पायाला आत खाज सुटते. विणायची सुई सापडली. उत्तम शस्त्र.

नकाशावर ऊन. तीन दिवस हवामानाच्या फाशावर पाऊस पडलेला नाही. त्याने काही बिघडत नाही.

सोमवार, १७ सप्टेंबर

बाटलीवाल्यांची मोठी ऑर्डर. काचेच्या बाटल्या बनवणारी कंपनी, आमचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक. डझन बाटल्यांचं खोकं, आत आडवे-उभे कप्पे. शनिवारी माल द्यायचा आहे.

जेवताना ठकी म्हणाली, "बाबा, नवीन कागद मला बरोबर वाटत नाही. बाटल्या भरून खोकी एकावर एक रचून बघितली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांत खालचं खोकं पोट काढून बसलं होतं."

मी हसलो. पोट काढून बसलं! हा शब्द माझा. लहानपणी मी तिला कारखान्यात नेत असे तेव्हाचा. म्हटलं, "आपण इतकी वर्षं त्याच माणसाकडून कागद घेतो. हवा दमट असली की थोडं होतं तसं."

"हवेने नाही, बाबा. कागदच दमट आलाय. हातात घेतल्यावर कळतं. वाजतसुद्धा नाही नीट."

भाजी अळणी होती. मीठ मागून घेतलं. ठकीने ते पुढे सरकवलं. ही ताटाकडे बघून जेवत होती.

तिला अनुभव नाही, पण लक्ष आहे हे मान्य. परत नोकरीवर गेली की विसरेल म्हणा हे सगळं. दोन-तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे. तोपर्यंत निभावून नेईल.

मंगळवार, १८ सप्टेंबर

आज दोन हुकूम सोडले.

होयबाला: पूल सोडायचा नाही. काहीही झालं तरी. शेवटच्या माणसापर्यंत.

मिस्त्रीला: शनिवारी माल गेला पाहिजे. काहीही झालं तरी. तारीख म्हणजे तारीख.

दोघांचंही उत्तर एकच. हुकूम सोडून झाला की माणसाला कसं हलकं वाटतं. दुपारी छान झोप लागली.

शनिवार, २२ सप्टेंबर

माल गेला असणार. मिस्त्रीला फोन केला तर उचलला नाही; गडबडीत असेल. संध्याकाळी ठकीला विचारलं, "गेला का?" ती म्हणाली, "जातोय, बाबा." दमलेली दिसत होती. बैठकीतल्या कोचावर आडवी झाली ती तशीच झोपली. पाय कोचाच्या बाहेर आले होते. ती इतकी उंच कधी झाली कोण जाणे.

उतावळ्याचा निरोप आला: "उताराकडे धूळ दिसते." चकती उलटायला फाशाने नकार दिला, फक्त धूळ. उतावळा चार घोडी दिसली तरी चारशे सांगतो. निरोप बाजूला ठेवला. होयबा पुलावर, दीडशहाणा गावात, मी निश्चिंत.

गुरुवार, २७ सप्टेंबर

दिवसभर रागात होतो. आता शांत आहे.

सकाळी बाटलीवाल्यांच्या मोठ्या साहेबांचा फोन. पायाची चौकशी केली आणि म्हणाले, "तुमचे आभार मानायला फोन केला. तुमच्याबरोबर आणखी एकाकडून खोकी घेतली होती, त्याचा माल आमच्या गोदामात बसला. खालच्या रांगेतल्या बाटल्यांचा चुरा झाला. तुमचा माल तीन दिवस उशिरा आला, पण ठणठणीत आला. तुमची मुलगी स्वतः येऊन आम्हाला सांगून गेली होती, कागद बरोबर नाही, या कागदाचं खोकं मी देणार नाही, तीन दिवस द्या. असं कोणी येऊन सांगत नाही हो. कोणाच्या हाताखाली शिकली?"

मी म्हटलं, "हो, हो. आमचं ठरलंच होतं तसं."

फोन ठेवला आणि खुर्ची ढकलत टेबलाशी जाऊन बसलो. सैनिकांकडे बघत राहिलो. ते काही बोलेनात.

दोघी घरी आल्या तेव्हा मी बैठकीत तयार होतो.

"माल शनिवारी गेला नाही?"

"नाही," ठकी म्हणाली. "मंगळवारी गेला. दुसरा कागद आणून सगळी खोकी नव्याने केली."

"मी मिस्त्रीला सांगितलं होतं!"

"मिस्त्रीकाकांनी मला सांगितलं, तुम्ही असं म्हणताय. मी नाही म्हटलं."

"आणि त्याने तुझं ऐकलं?"

"बाबा, मी आल्यापासून ते माझंच ऐकतायत."

"तो मला म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं!"

आता ही बोलली. "अहो, पाय मोडलेल्या माणसाशी कोण वाद घालणार? आणि सगळंच कळू दे आज. तो रेडिओ नव्हता. मशीन हलवत होते. आता छपाईच्या कागदावर ऊन पडत नाही, रंग सारखा येतो."

"तुला काय माहीत?"

तिने हात पुढे केले. नखांत शाई होती. "कारण संध्याकाळी मी तिथेच असते. कप्पे कापायला माणूस कमी पडत होता."

म्हणजे प्रदर्शनही नव्हतं. माझ्या कारखान्यात माझी बायको कप्पे कापते आणि मी इथे एका पायावर दोन सैन्यं सांभाळतोय!

मी ठकीला म्हटलं, "मला सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं. जेवताना. तुम्ही मीठ मागितलंत."

यावर काय बोलणार? मी बोललोच. बरंच बोललो, आवाज चढवून. कारखाना कोणाचा, नाव कोणाचं, शब्द कोणाचा. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "सात तारखेला माझी रजा संपते, बाबा. मग तुम्ही आणि मिस्त्रीकाका आहातच." आवाज न चढवता म्हणाली. ही उठून आत गेली आणि तिने दार जरा जोरात लावलं. तिला कशाचा राग आला ते कळलं नाही. राग यायचा तो मला.

शुक्रवार, २८ सप्टेंबर

आज कोणी कोणाशी बोललं नाही. कारखान्यातून खोक्याचा नमुना मागवून घेतला. नव्या कागदाचा. हाताने दाबला, कोपऱ्यावर उभा केला, त्यावर अख्खा भार टाकून बघितला. बसला नाही.

चांगलं खोकं आहे.

रविवार, ३० सप्टेंबर

आज लढाई झाली. सकाळी न्याहारी आटपली आणि पहिला फासा टाकला. नकाशा बाजूला, टेबलावर हिरवं कापड, पुठ्ठ्याची टेकडी, कापसाचा धूर, दोन्ही सैन्यं आमनेसामने. इतकं सुंदर दृश्य मी आयुष्यात फार कमी वेळा बघितलं आहे. खिडकीतून ऊन आलं होतं आणि सगळ्या संगिनी चमकत होत्या.

खरी चकती उताराची निघाली.

आजोबाने अख्खं सैन्य पाण्यातून आणलं, तोफांसकट. पाऊस नव्हता, पाणी गुडघाभर. धूळ खरीच होती. पांढऱ्यांच्या रांगा नदीच्या आमच्या काठावर चढल्या आणि सरळ गावाकडे वळल्या. समोर दीडशहाणा एकटा.

हरकत नाही, म्हटलं. होयबाला गावाकडे बोलावून घेऊ, पांढऱ्यांच्या बगलेत घुसवू आणि संध्याकाळपर्यंत त्यांना नदीत ढकलू. दूत सोडला. फाशावर एक. दूत पकडला गेला. दुसरा सोडला. दोन. वाट चुकला. माझा आवाज वाढला असावा, कारण हिने बाहेरून विचारलं, "पडलात का?"

उतावळ्याने तोवर न विचारता हल्ला चढवला. देखणा हल्ला. अर्धं घोडदळ तोफांसमोर संपलं.

दीडशहाण्याला माझा हुकूम होता, संध्याकाळपर्यंत गाव सोडायचं नाही. त्याच्या स्वभावाचा फासा टाकला. त्याने गाव सोडलं! शिस्तीत, एकेक पलटण मागे घेत तो टेकडीवर गेला, जिथे आधीच त्याची एक पलटण बसली होती. मी त्याला नाही नाही ते बोललो. पण पुढच्याच डावात पांढऱ्यांच्या तोफांनी गावाचा भुगा केला आणि गावात कोणी नव्हतं.

आणि या सगळ्या वेळात सैन्याचा तिसरा हिस्सा पुलावर उभा. समोर शत्रूचा एक माणूस नाही. तोफांचे आवाज ऐकू येतायत, धूर दिसतोय, पण होयबा हलत नाही. नियम मीच लिहिला आहे: आज्ञाधारक सेनापती हुकुमाशिवाय जागा सोडत नाही. तिसरा दूत. फाशावर पुन्हा एक. खोलीत मी एकटा होतो. फासा परत टाकला असता तर कोणाला कळणार होतं? टाकला नाही. मी आयुष्यात काट्यावर बोट ठेवून माल विकला नाही, तो शिशाच्या सैनिकांशी काय लबाडी करणार?

तेवढ्यात ठकी चहा घेऊन आली. दोन दिवस आमचं बोलणं नव्हतं. कप ठेवायला जागा शोधत होती. तिने टेबलावर इकडून तिकडे नजर टाकली. लहानपणी ती माझे ब्रश धुऊन द्यायची, तेव्हापासून तिला निळे कुठले ते माहीत आहे.

"हरताय?"

"अडचणीत आहे."

तिने बोट दाखवलं. "मग हे इतके जण पुलावर का उभे आहेत?"

"मी सांगितलं म्हणून," मी म्हटलं.

म्हटलं आणि तसाच बसलो. जरा वेळ दोघं पुलाकडे बघत होतो. मग ती कप माझ्या हातात देऊन गेली.

चहा संपवून लढाई पुरी केली. हरलो. साफ हरलो. राजधानीच्या रस्त्यावर जे सैन्य परतलं ते दीडशहाण्याचं. त्याने टेकडी धरून ठेवली म्हणून इतर मागे येऊ शकले. होयबाच्या दलाला शेवटी पांढऱ्यांनी दोन्ही बाजूंनी घेरलं. तो जागेवरच होता. एक पाऊल हलला नव्हता.

पण मोहीम फार छान झाली. इतकी खरी लढाई ठरवून खेळता येत नाही. आजोबाला मानलं पाहिजे.

गुरुवार, ४ ऑक्टोबर

सकाळी दोघी गेल्यावर कामाला लागलो. सैनिक एकेक करून कपाटात ठेवले, टेकडी गुंडाळली, कापड झटकलं. टेबल मात्र एका पायाच्या माणसाला उचलून बाहेर नेता येत नाही, ते फळीसारखं भिंतीला उभं केलं. पलंगावरचे नकाशे काढले, चादर बदलली. या सगळ्यात दुपार झाली आणि घाम निघाला, पण खोली खोलीसारखी दिसायला लागली.

ठकी संध्याकाळी आली, बॅग भरायला कपडे गोळा करत होती. दारात थबकली.

"हे काय?"

"तुझी खोली आहे."

"तीन दिवसांसाठी?"

मी खुर्ची पुढे ढकलली. ती नेमकी वळणावर करकरली. म्हटलं, "ठकी, रविवारी जायचं नाही."

"हा हुकूम आहे?"

सवय वाईट. तोंडाशी हो आलं होतं. ते गिळलं.

"नाही. विचारतोय. राहतेस का? कारखान्यात. कायमची."

ती पलंगावर बसली. पुष्कळ वेळ चादरीची सुरकुती सरळ करत होती. "तुमच्या हाताखाली?"

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता, खरं सांगतो. मी गृहीत धरलं होतं की ती एकतर हो म्हणेल नाहीतर नाही. "शेजारी," मी म्हटलं.

"दोन दिवस द्या मला. नोकरी साधी नाही, बाबा, आणि तुम्ही तर त्याहून नाही."

"घे. दूत वाटेत पकडला जाऊ देऊ नकोस म्हणजे झालं."

हसली. स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज थांबला होता. ही दाराआड उभी राहून ऐकत होती, हे मला इतक्या वर्षांनी न कळायला मी काही नवखा नवरा नाही.

शनिवार, ६ ऑक्टोबर

उत्तर आलं. राहते म्हणाली. अटी घातल्या आहेत. मी सकाळच्याच वेळी कारखान्यात यायचं. मिस्त्रीला परस्पर फोन करायचा नाही. आणि माल द्यायचा की थांबवायचा, हा शेवटचा शब्द तिचा. मी वाद घालू शकतो, पण खोकं हातात घेऊन, फोनवरून नाही.

मी म्हटलं, विचार करतो. ही म्हणाली, "तह चांगला आहे, सही करा. यापेक्षा चांगला मिळणार नाही. कप्पे कापायला मी यापुढे येणार नाही, ही माझी अट." मग जरा थांबून, "रविवार सोडून," असंही म्हणाली.

मान्य केलं. हरलेल्या बाजूने म्हणून नव्हे. मला पटलं म्हणून.

सोमवार, १५ ऑक्टोबर

शनिवारी प्लास्टर निघालं. पाय काडीसारखा झाला आहे, पण माझा आहे. आज काठी घेऊन कारखान्यात गेलो. आधी नुसता उभा राहून वास घेतला: गोंद, ओला कागद, यंत्राचं तेल. मिस्त्री धावत आला, हात धरू की नको या विचारात पडला. मी त्याला म्हटलं, "कसं काय?" तो म्हणाला, "ताई म्हणतील तसं, साहेब." मग जीभ चावली. मी हसलो. काय करणार?

केबिनमध्ये माझं टेबल भिंतीकडे सरकलेलं आणि त्याच्या शेजारी, अगदी कडेला कड लावून, दुसरं टेबल. खुर्ची ओढली, बसलो. नव्या जागेवरून सगळी मशीनं दिसतात, हे कबूल केलं पाहिजे.

थोड्या वेळाने ठकी एक खोकं घेऊन आली. साबणवाल्यांचं, नवीन मापाचं. "बाबा, हे बघा ना. घडीवर फाटतंय. परवापासून डोकं लावतेय."

हातात घेतलं. बोट फिरवताच कळलं. पुठ्ठा आडवा लागायला हवा होता तिथे उभा लागला होता. एका वाक्यात सांगून टाकता आलं असतं. मी खोकं उलटंसुलटं केलं आणि तिच्याकडे परत सरकवलं.

"तुला काय वाटतं?"

ती खुर्ची ओढून बसली आणि सांगायला लागली. पहिलं कारण चुकीचं होतं. दुसरं जवळ आलं. मधे मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मिटलं. तिसऱ्या वेळी तिनेच खोकं उजेडाकडे धरलं, त्यातल्या रेघा बघितल्या आणि म्हणाली, "थांबा, थांबा. हा पुठ्ठा फिरवून लावला आहे का?"

बाहेर मिस्त्री काचेतून आत बघत होता. तो हसला नाही. कागदाचा गठ्ठा खांद्यावर घेऊन कामाच्या वेळेत चक्क शीळ घालत निघून गेला, आणि मी त्याला हाक मारली नाही.